शटलचा पायलट आणि शटलचा कमांडर: यान उतरवायचं कुणी?

जून 2025 मध्ये अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या ॲक्सिअम-4 या खासगी मोहिमेवर निघालेल्या ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांचं पद होतं ‘पायलट’. यान तेच चालवत होते, असा अनेकांचा समज झाला. मोहिमेच्या कमांडर होत्या पेगी व्हिट्सन. ‘कमांडर’ म्हणजे हुकूम देणारा आणि ‘पायलट’ म्हणजे चालवणारा, असा अर्थ आपण सहज लावतो. अंतराळयानात तो लागू पडत नाही, आणि विमानासारखं धावपट्टीवर उतरणाऱ्या, 2011 मध्ये निवृत्त झालेल्या नासाच्या स्पेस शटलच्या बाबतीत तर साफ चुकतो.

शटलमध्ये डावी खुर्ची कमांडरची आणि उजवी पायलटची. प्रवासी विमानात कॅप्टन डावीकडे आणि फर्स्ट ऑफिसर उजवीकडे बसतो, तशीच ही रचना. धावपट्टीवर शटल उतरवायचा तो कमांडर. पायलट हा त्याचा सहवैमानिक, फक्त पदाच्या नावात ‘सह’ नाही. ही पद्धत 1960 च्या दशकातल्या नासाच्या जेमिनी यानापासूनची. तिथे ‘कमांड पायलट’ आणि ‘पायलट’ अशी पदं होती. नासाच्या अपोलो चांद्रमोहिमांत तर चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा पायलट म्हणून नेमलेला माणूस ते उतरवत नसे. अपोलो 11 मध्ये नियंत्रण आर्मस्ट्राँग यांच्या हाती होतं आणि ऑल्ड्रिन उंची-वेगाचे आकडे मोठ्याने वाचत होते.

कामाची वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते ती उतरताना. परतणाऱ्या शटलचं इंजिन बंद असायचं, त्यामुळे पुन्हा वर उचलून दुसरा प्रयत्न करण्याची सोय नव्हती. वेग ध्वनीच्या खाली आला की सुमारे 15 किमी उंचीवर कमांडर नियंत्रण हातात घ्यायचा. वळण घेताना थोडा वेळ स्टिक पायलटकडे द्यायची प्रथा होती, पण शेवटचा टप्पा कमांडरचाच. प्रवासी विमान साधारण 3 अंशांच्या उताराने येतं, शटल 20 अंशांच्या आसपास, ताशी सुमारे 550 किमी वेगाने. 2000 फुटांवर कमांडर नाक वर घ्यायला लागायचा आणि त्याच सुमारास पायलट चाकांचं बटण ‘आर्म’ म्हणजे सज्ज करायचा. 300 फुटांवर दुसरं बटण दाबून चाकं खाली. तिथून जमीन जेमतेम 15 सेकंदांवर.

इतक्या उशिरा का? बाहेर आलेली चाकं हवेला अडवतात आणि शिल्लक वेग खातात. शिवाय शटलची चाकं उड्डाणात परत आत घेता येत नसत, म्हणजे घाईने दाबलेलं बटण मागे घेता येत नसे. मागची चाकं टेकल्यावर वेग कमी करणारं पॅराशूट सोडायचं कामही पायलटचंच. हे पॅराशूट 1992 पासून आलं.

सरावासाठी गल्फस्ट्रीम-2 हे बिझनेस जेट बदलून घेतलं होतं. मागची चाकं बाहेर काढून आणि इंजिनांचा जोर हवेतच उलटा फिरवून ते शटलसारखं खाली सोडायचे. कमांडर होण्याआधी अशा किमान 1000 खेपा माराव्या लागत.

उड्डाणाच्या वेळी मात्र दोघांचेही हात स्टिकवर नसायचे. यान संगणक न्यायचा. सुटण्याआधी 5 मिनिटं पायलट हायड्रॉलिक्सला, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेला, ताकद देणारी तीन युनिटं सुरू करायचा. पुढे मुख्य इंजिनं आणि वीज यांवर नजर त्याची, आणि मार्ग व मोहीम अर्धवट सोडण्याचा स्विच कमांडरकडे.

23 जुलै 1999 च्या एसटीएस-93 या शटल मोहिमेत ही वाटणी कसाला लागली. कमांडर आयलीन कॉलिन्स, पायलट जेफ ॲशबी. उड्डाणानंतर 5 सेकंदांतच शॉर्टसर्किट झालं. एका स्क्रूच्या डोक्यावर घासून वायरीचं आवरण फाटलं होतं. मधल्या आणि उजव्या इंजिनाचा प्रत्येकी एक नियंत्रक संगणक बंद पडला आणि दोन्ही इंजिनं उरलेल्या एकेका संगणकावर चालू राहिली. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून ‘एसी बस 1’ या वीजवाहिनीचे सेन्सर बंद करण्याची सूचना आली. तो स्विच उजव्या पॅनेलवर, म्हणजे पायलटच्या हाताशी. त्यातच उजव्या इंजिनातली एक पिन सुटून नॉझलच्या, म्हणजे ज्वाळा बाहेर टाकणाऱ्या तोंडाच्या, तीन नळ्या फुटल्या होत्या आणि हायड्रोजन गळत होता. ती गळती भरून काढायला इंजिन जास्त ऑक्सिजन वापरत होतं, तो लवकर संपून इंजिनं किंचित आधी थांबली, वेग सेकंदाला सुमारे 5 मीटर कमी पडला. तरीही शटलमधून नेलेली चंद्रा ही अंतराळ दुर्बीण कक्षेत पोहोचली. मला हे उड्डाण फार मोलाचं वाटतं, कारण इथे कौशल्य स्टिक हलवण्यात नव्हतं. कमांडरने मार्गावरची नजर ढळू दिली नाही आणि पायलटने विजेवरची.

नव्या विमानांची चाचणी घेणारे टेस्ट पायलट या खुर्च्यांवर का, तेही यात दिसतं. नासाची लेखी अट जेट विमानावर कमांडमध्ये 1000 तासांची होती आणि चाचणी उड्डाणांचा अनुभव असल्यास उत्तम. टेस्ट पायलटला एका वेळी एकच गोष्ट बदलून विमान काय करतं ते मोजायची सवय असते. विमान हाताळायला किती सोपं, हे तो 1 ते 10 अशा कूपर-हार्पर गुणांत सांगतो. 1 म्हणजे उत्तम, 10 म्हणजे हाताबाहेर.

उजवीकडून डावीकडे हा बढतीचा रस्ता होता. रॉबर्ट क्रिपेन 1981 मध्ये पहिल्या शटलचे पायलट होते, जॉन यंग कमांडर. 1983 मध्ये क्रिपेन स्वतः कमांडर झाले. कॉलिन्स 1990 मध्ये निवडल्या गेल्या, त्याच वर्षी एडवर्ड्स या अमेरिकी हवाई दलाच्या तळावरील टेस्ट पायलट स्कूलमधून बाहेर पडल्या. 1995 आणि 1997 ला पायलट, 1999 ला कमांडर. त्या लढाऊ विमानांच्या वैमानिक नव्हत्या, सी-141 हे मालवाहू विमान चालवायच्या.

शुक्ला ज्यातून गेले त्या स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानात ही नावं टिकली, काम बदललं. शुक्ला स्वतः भारतीय वायुसेनेचे टेस्ट पायलट, तर व्हिट्सन जैवरसायनशास्त्रज्ञ. ड्रॅगन अंतराळ स्थानकाला आपोआप जोडलं जातं. कमांडर आणि पायलट शेजारी बसून टचस्क्रीनवर वेग, अंतर आणि यंत्रणा तपासत राहतात, आणि गरज पडलीच तर त्याच स्क्रीनवरून यान हाताने चालवता येतं.