शुक्राणूही खवट होतो

रिपोर्टमध्ये शुक्राणूंची हालचाल कमी निघाली, की अनेकांच्या हातात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची चिठ्ठी पडते. झिंक, सेलेनियम, ई जीवनसत्त्व, लायकोपीन, सगळं एकाच वेष्टनात. हिशेब सरळ वाटतो: ऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे आणि पेशींना इजा करणारे रेणू, वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके बरे. शुक्राणूला हा हिशेब मान्य नाही.

१९४३ साली अमेरिकेत जॉन मॅक्लिओड यांनी दाखवलं, की भरपूर ऑक्सिजनात ठेवलेले मानवी शुक्राणू लवकर थंडावतात. पण कॅटलेज हे विकर (एन्झाइम) घातलं तर तग धरतात. कॅटलेजचं काम हायड्रोजन पेरॉक्साइड हा ऑक्सिडंट फोडणं. म्हणजे शुक्राणू स्वतःच ते विष तयार करत होते.

हे विष बाधतं कुठे? शुक्राणूच्या आवरणाला. तिथे डीएचए हे मेदाम्ल भरपूर असतं. त्याच्या २२ कार्बनच्या साखळीत ६ दुहेरी बंध, म्हणून आवरण लवचिक राहतं. पण दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन अगदी सैल असतो. एखाद्या मुक्त मूलकाने (फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) तो ओढून नेला, की मेदाम्ल स्वतःच मूलक बनतं, ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं. मग तो शेजारी पुढच्याचा. डब्यात राहिलेला दिवाळीचा चिवडा खवट होतो तो याच साखळीमुळे. ई जीवनसत्त्व आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं, आणि सी जीवनसत्त्व त्या ई-ला पुन्हा कामाला लावतं. मात्र आसपास सुटं लोह असेल तर हेच सी लोहाचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि ते लोह पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक बनवतं. सगळ्यांत द्वाड मूलक तोच.

त्यात शुक्राणूने आपला पेशीद्रव जवळजवळ सगळा टाकून दिलेला. बचावाची विकरं तुटपुंजी, भिस्त बाहेरच्या वीर्यद्रवावर. डीएनएतला ग्वानिन हा घटक बिघडला तर तो कापून टाकण्याची सोय आहे. रिकामी जागा भरायची ती पुढे बीजांडाने.

आणि तरीही थोडे ऑक्सिडंट त्याला हवेच असतात. स्त्रीच्या जननमार्गात शुक्राणूत जे बदल झाल्यावाचून तो बीजांडाचं फलन करू शकत नाही, त्यांना सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड या ऑक्सिडंटांची अल्प मात्राच चालना देते. सगळंच पुसून काढलं तर हेही अडतं.

गोळ्यांची कसोटी? लहान चाचण्यांत फायदा दिसतो, पण त्यांचा दर्जा यथातथाच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड, किंवा औषध नसलेली गोळी दिली. मूल झालं ते अनुक्रमे ३४ आणि ३५ टक्के जोडप्यांना. डीएनए तुटण्याचं प्रमाण तर औषधाच्या गटातच किंचित जास्त निघालं. त्याच वर्षी जीवनसत्त्वं, सेलेनियम, लायकोपीन आणि कार्निटिन एकत्र देऊन केलेल्या दुसऱ्या चाचणीतही शुक्राणू सुधारले नाहीत.

‘वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब’ या भाकडकथेवर रेल्वेलगतच्या भिंतींवरचे वैदू वर्षानुवर्षं जगले. वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचा स्राव असतो. चकचकीत वेष्टनातली कॅप्सूलही पुष्कळदा त्याच भीतीवर खपते.

अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, तंबाखू यांनी ऑक्सिडंट खरोखर वाढतात, आणि त्यांवर उपाय करता येतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० दिवस लागतात. तेव्हा तंबाखू सोडून पंधरवड्यात पुन्हा तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. तीन महिने थांबावं.