कीबोर्ड ढिम्म, पण दोष कुणाचा?

लॉगिनचा पडदा येतो, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतं, पण माउस हलवा नाहीतर बटणं बडवा, काही उमटत नाही. लिनक्सवरची ही तक्रार जुनीच आहे. लक्षण बदललेलं नाही, दोषाची जागा मात्र सरकत गेली.

एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी आणि कीबोर्ड-माउसचे इशारे प्रोग्रामांपर्यंत पोचवणारी व्यवस्था, १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ची. पुढे लिनक्सवर तिचं एक्सफ्री८६ हे रूप आलं, तेव्हा माउस कुठल्या पोर्टवर आणि कोणत्या प्रोटोकॉलचा, हे कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहावं लागे. प्रोटोकॉल चुकला की कर्सर वेड्यासारखा पडदाभर उड्या मारायचा. चाकासाठी वेगळी ओळ, कारण एक्सच्या लेखी चाक म्हणजे बटणंच: वर फिरवलं की चौथं, खाली फिरवलं की पाचवं. कटकट होती, पण संशयित एकच, ती फाइल.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. २००३च्या २.६ कर्नलपर्यंत त्यातला इनपुट पुरवणारा ‘इव्हडेव्ह’ रुळला आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःची इव्हेंट फाइल मिळाली, म्हणजे त्याचे इशारे जिथून वाचता येतात ती. २००७ मध्ये एक्सचा मुख्य प्रोग्राम, म्हणजे एक्स सर्व्हर, याच्या १.४ आवृत्तीने उपकरणं आपोआप ओळखायला सुरुवात केली, पण त्यासाठी तो ‘हॅल’ नावाच्या डीमनला, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामला, विचारायचा. खरा गोंधळ इथला. हॅल सुरू नसेल तर पुढच्या आवृत्त्यांतला सर्व्हर एकही उपकरण न घेता खुशाल उभा राहायचा. फाइलमध्ये कीबोर्ड-माउस लिहिलेले असले, तरी ‘अलाउ एम्प्टी इनपुट’ (एकही उपकरण नसलं तरी चालेल) हा पर्याय चालू असल्याने ते बंद केल्याची सूचना लॉगमध्ये टाकून मोकळा. त्यात २००९च्या सुमारास एक्स सर्व्हर तडकाफडकी बंद करणारं कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसही अनेक डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) बंद केलं. (चालू असतं तरी कीबोर्डच नाही म्हटल्यावर दाबणार कुठे!) २०१०च्या १.८ने लिनक्सवर हॅलऐवजी ‘युडेव्ह’ आणलं. तरी हॅलच्या काळातले कॉन्फिग फाइलचे उतारे आजही सर्रास चिकटवले जातात, आणि त्यांनी चांगलं चाललेलं बिघडतं.

अपग्रेडनंतरचा बिघाड वेगळा. सर्व्हर नवा, इनपुट ड्रायव्हर जुन्या एबीआयचा, म्हणजे दोघांनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या पद्धतीचा. मग तो लोडच होत नाही. एक्सच्या लॉगमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं सापडतं, फक्त रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) हक्कांशिवाय चालणाऱ्या सर्व्हरचा लॉग आता होम डिरेक्टरीत जातो.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये एक्सचा सर्व्हर मधून गेला. कंपोझिटर, म्हणजे खिडक्या जुळवून पडदा दाखवणारा प्रोग्राम, ‘लिबइनपुट’ या लायब्ररीमार्फत थेट इव्हेंट वाचतो आणि उपकरण उघडून देतं ते बहुतेक ठिकाणी ‘लॉगइनडी’, म्हणजे लॉगिन सांभाळणारा डीमन. तुमचं सेशन सक्रिय नाही असं त्याने ठरवलं, की दिलेला हक्क तो काढूनही घेतो. कर्नलमध्ये ही सोय २०१३ मध्ये, ३.१२ला आली. म्हणून दोष कुठल्या थरात आहे ते शोधायला दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून होणाऱ्या लॉगिनने) आत शिरायचं, रूट म्हणून ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवायचं आणि अडलेल्या मशीनची बटणं दाबायची. ओळी धावू लागल्या तर वायर, हार्डवेअर, कर्नल ठीक, घोळ त्यांच्या वरच्या थरांतला.

दुसरं मशीन नसेल तर ऑल्ट-सिसरिक्यू-आर हे थेट कर्नलला जाणारं बटणांचं त्रिकूट. ग्राफिकल सेशन कन्सोलचा कीबोर्ड आपल्याकडे घेऊन बसतं, तो हा परत सोडवतो. मग मजकुराच्या कन्सोलवर नेणारं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ चालण्याची शक्यता. अर्थात डिस्ट्रोने सिसरिक्यूवर बंधन घातलं नसेल तरच.