गॅस अलार्म फोडणीला का वाजतो?

किचनमधल्या गॅस अलार्मला एलपीजीचा वास येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आतला सेन्सर गॅस कुठला हे ओळखतच नाही, स्वतःच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन कमी झाला का एवढंच त्याला कळतं, आणि म्हणूनच तो कधी तांबड्या रश्श्याच्या फोडणीला, कधी बॉडी स्प्रेलाही वाजतो.

आत बहुतेक वेळा टिन ऑक्साइड असतं, लय बारीक कण एकमेकांना चिकटलेले आणि त्यांना तापवायला छोटा हीटर. हा सेमीकंडक्टर, त्याच्या रचनेत मधे मधे ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या असतात त्यामुळे थोडे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि करंट जातो. आता हवेतला ऑक्सिजन गरम कणावर येऊन चिकटतो आणि कणातला इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग कणाच्या कडेचा काही नॅनोमीटरचा थर इलेक्ट्रॉनविना कोरडा पडतो. आपल्या कोल्हापुरात पंचगंगा चढली की राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद पडते बघा, दोन्हीकडचे रस्ते चांगले असतात पण मधला सांधाच अडलेला, तसंच दोन कणांच्या मधे होतं. म्हणून स्वच्छ हवेत रेझिस्टन्स जास्त.

गॅस लीक झाला की एलपीजीतले प्रोपेन-ब्युटेन त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रिअॅक्शन करतात, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन निघून जातात, आणि अडकलेले इलेक्ट्रॉन कणात परत येतात. रेझिस्टन्स धाडकन पडतो, सर्किटला तेवढंच पाहिजे असतं. शिरोलीच्या फाउंड्रीतला कार्बन मोनॉक्साइड असो की सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, रिअॅक्शन याच जातीची. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र उलटा, तो स्वतःच इलेक्ट्रॉन घेतो आणि रेझिस्टन्स वाढवतो.

हे सगळं साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला नीट चालतं, थंड पृष्ठभागावर रिअॅक्शन रेंगाळते आणि बाष्प बसून राहतं, म्हणून अलार्मचा प्लग काढून ठेवायचा नाही. जुलैत आपल्याकडं हवा इतकी ओली असते की तापलेल्या सेन्सरचंही रीडिंग सरकतं.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर कणाचा आकार. टिन ऑक्साइडचा कण साधारण ६ नॅनोमीटरच्या खाली आला की दोन्ही बाजूंचे कोरडे थर एकमेकांना भिडतात, अख्खा कणच ऑक्सिजनच्या ताब्यात जातो आणि सेन्सिटिव्हिटी एकदम उसळते. वरून पॅलेडियम धातूचे ठिपके दिले की रिअॅक्शन आणखी जोरात.

जपानमध्ये सेयामा आणि तागुची यांनी १९६२ च्या सुमारास या सेन्सरचा पाया घातला, आणि आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच. तिथल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये गरम काचेवर द्रावण फवारून असल्या ऑक्साइडच्या पातळ फिल्म तयार करतात.

घरी लावताना दोन गोष्टी बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, त्यामुळे अलार्म जमिनीजवळ हवा. आणि त्याच्या आसपास सिलिकॉन स्प्रे मारू नका, त्याची वाफ गरम कणांवर सिलिकाचा थर धरते आणि तो सेन्सर मग कायमचा गेला.