केमो कुठलीही असो, बर्फ धरला की नसा वाचतात?

वर्षानुवर्षं फिरणारा निरोप असा: 'केमो चालू असताना हातपाय बर्फात ठेवा, नसांना काही होत नाही.' नसा म्हणजे इथे मज्जातंतू; कर्करोगावरच्या काही केमो औषधांनी त्यांना इजा होते आणि बोटं बधिर होतात.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, बोटांच्या टोकांपर्यंत औषध कमी पोचतं. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमो औषधांसाठी गार हातमोजे-मोजे वापरून चाचण्या झाल्या. काहींत मुंग्या, बधिरपणा कमी दिसला, काहींत फारसा फरक नाही. घट्ट हातमोज्यांचा दाबही त्याच विचारातून आला. एक नंबर लहान सर्जिकल ग्लोव्हजच्या दोन जोड्या, एकावर एक. म्हणजे मदत होऊ शकते, खात्री नाही.

खरी गोम 'कुठलीही केमो' या शब्दांत आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमो औषध घेणाऱ्याला गारव्यानेच त्रास होतो: फ्रिजमधली बाटली धरली की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होतो. त्याला बर्फ नकोच. शिवाय उघडा बर्फ कातडीवर धरला तर हिमदाह होतो, आणि बधिर बोटांना तो कळतही नाही.

पडताळायचं कसं? फाइलमध्ये औषधाचं नाव वाचा आणि ते दाखवून डॉक्टरांना विचारा. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, तर पुढच्या डोसआधीच सांगा; डोस बदलता येतो.