नियंत्रण कक्षातले बटण आणि डोंगरावरचा ट्रान्समीटर

रुग्णवाहिका पाठवणारा, अग्निशमन दलाच्या गाड्या हलवणारा किंवा वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्यांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष शहरात असतो. पण त्या कक्षातला आवाज ज्या ट्रान्समीटरमधून हवेत जातो, तो बहुधा कित्येक किलोमीटर दूर, एखाद्या डोंगरमाथ्यावर असतो. याचे कारण लहरींच्या स्वभावात आहे. वॉकीटॉकी आणि गाड्यांमधले संच ढोबळमानाने १३६ ते १७४ (व्हीएचएफ) किंवा ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ (यूएचएफ) या पट्ट्यांत चालतात, आणि या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. ॲन्टेना भोवतालच्या प्रदेशापेक्षा ९०० मीटर उंच असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर तिचे रेडिओ-क्षितिज सुमारे १२० किलोमीटरवर पडते. तीच ॲन्टेना ३० मीटर उंचीच्या इमारतीवर बसवली तर ते जेमतेम २२-२३ किलोमीटरवर येते. म्हणून बोलणारा खाली आणि ट्रान्समीटर वर, ही रचना बिनतारी संदेशवहनात फार जुनी आहे. कस लागतो तो या दोघांना जोडणाऱ्या मधल्या दुव्याचा, आणि तो दुवा स्वतःच्या मालकीचा का असावा, हे इथे पाहायचे आहे.

पूर्वी हा दुवा तांब्याच्या तारेचा असे. संस्था दूरध्वनी कंपनीकडून एक स्वतंत्र जोडणी भाड्याने घेई आणि तिच्यावरून कक्षातला आवाज डोंगरावर जाई. परंतु आवाज पोहोचणे पुरेसे नव्हते. बोलणाऱ्याने बटण दाबले आहे, ही खबरही पोहोचायला हवी होती, कारण त्याशिवाय ट्रान्समीटर चालूच होत नाही. अमेरिकेत यावर जो उपाय रूढ झाला, तो मला आजही अभ्यासण्याजोगा वाटतो. बटण दाबताच २१७५ हर्ट्झचा एक जोरदार सूर १२० मिलिसेकंद वाजे, त्याला लागून १९५० हर्ट्झचा दुसरा सूर ४० मिलिसेकंद वाजे आणि हे दोन सूर ओळखून पलीकडचे उपकरण ट्रान्समीटर चालू करी. त्यानंतर बोलणे सुरू असेपर्यंत २१७५ हर्ट्झचा तोच सूर ३० डेसिबलने मंद होऊन आवाजाच्या मागे वाजत राही, आणि हवेत जाण्यापूर्वी फिल्टर लावून तो काढून टाकला जाई. तो थांबला की ट्रान्समीटर बंद. ट्रान्समीटर चालू राहण्यासाठी खूण सतत येत राहावी लागे, पण बंद होण्यासाठी वेगळी आज्ञा लागत नसे. त्यामुळे तार मध्येच तुटली तरी ट्रान्समीटर आपोआप गप्प होई.

तांब्याच्या अशा जोडण्या दूरध्वनी कंपन्या मोडीत काढू लागल्या, तसा हा दुवा आयपी जाळ्याकडे, म्हणजे इंटरनेट ज्या पद्धतीने चालते त्या पद्धतीच्या पॅकेटवाहतुकीकडे वळला. यात डोंगरावरच्या संचाला गेटवे नावाची एक छोटी पेटी जोडलेली असते. संचाकडून तिच्यात दोन गोष्टी येतात, ऐकू आलेला आवाज आणि ‘आत्ता कोणीतरी बोलत आहे’ असे सांगणारा विद्युतसंकेत. तिच्याकडून संचाकडेही दोनच गोष्टी जातात, बोलायचा आवाज आणि बटणाचा संकेत. पेटीत येणारा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, त्या मोजमापांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकडा एका पॅकेटमधून रवाना होतो. दूरध्वनीच्या जुन्या जी.७११ पद्धतीत असा एक तुकडा १६० बाइटचा असतो. त्यावर पत्ता आणि क्रमांक यांचे ४० बाइट चढतात आणि सेकंदाला ५० पॅकेटांच्या हिशेबाने ८० किलोबिटचा प्रवाह तयार होतो. २०१२ साली प्रमाणित झालेली ऑपस ही पद्धत १६ किलोबिटमध्येही चांगला आवाज देते. तिथे आवाजाचा तुकडा अवघा ४० बाइटचा आणि त्यावरचे शीर्षकही ४० बाइटचे, म्हणजे पत्राइतकाच लिफाफा जड. हे सगळे वायरगार्डसारख्या कूटबद्ध बोगद्यातून पाठवले तर आणखी ६० बाइट वाढतात, आणि तरीही एकूण भार ५६ किलोबिटच्या पुढे जात नाही. थोडक्यात, आवाज वाहून नेणे आजच्या कोणत्याही जोडणीला अवघड नाही.

अवघड आहे ते बटण. समजा, कक्षातून ‘चालू करा’ असे एक पॅकेट गेले, बोलणे झाले आणि शेवटचे ‘बंद करा’ हे पॅकेट वाटेत हरवले. पॅकेटे हरवणे हे आयपी जाळ्यात नित्याचे आहे. आवाजाच्या बाबतीत वक्तशीरपणा राखण्यासाठी हरवलेले पॅकेट पुन्हा मागितले जात नाही, कारण उशिरा आलेला आवाज निरुपयोगी असतो. परिणामी डोंगरावरचा ट्रान्समीटर चालूच राहील, वाहिनी अडून बसेल आणि त्या प्रदेशातला एकही माणूस कोणाशी बोलू शकणार नाही. संभाषण एकमार्गी, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे असे असल्यामुळे अडकलेले एक बटण सगळ्यांना मुके करते. म्हणून चांगल्या व्यवस्थेत बटणाची स्थिती एकदाच कळवली जात नाही, ती प्रत्येक पॅकेटसोबत पुन्हा पुन्हा कळवली जाते. विमानवाहतूक नियंत्रणासाठी युरोके या युरोपीय संस्थेने केलेल्या ईडी-१३७ या मानकात नेमके हेच आहे: आवाज वाहून नेणाऱ्या आरटीपी या पद्धतीच्या पॅकेटच्या शीर्षकालाच एक जादा भाग जोडून त्यात बटण दाबलेले आहे की नाही हे लिहिले जाते, आणि कोणी बोलत नसतानाही ठरावीक अंतराने रिकामी पॅकेटे जात राहतात. ती येणे थांबले की दुवा तुटला असे समजले जाते आणि ट्रान्समीटर सोडला जातो. २१७५ हर्ट्झच्या मंद सुराने तांब्याच्या काळात केलेले काम या पॅकेटांनी उचलले आहे. शिवाय संचातच एक कालमर्यादा लावलेली असते. ती संपली की कोणी काहीही म्हटले तरी ट्रान्समीटर बंद होतो.

दुसरी अडचण बोलण्याच्या सुरुवातीची आहे. बटण दाबल्यापासून ट्रान्समीटर पूर्ण शक्तीवर येईपर्यंत, रिपीटरने, म्हणजे आलेला संदेश लगेच पुन्हा प्रसारित करणाऱ्या संचाने, त्याची ओळख पटवून घेईपर्यंत आणि ऐकणाऱ्याच्या संचाने आपला स्पीकर उघडेपर्यंत शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि त्या वेळात उच्चारलेली अक्षरे कोणालाच ऐकू येत नाहीत. कक्षातून कोणी घाईने ‘नका पाठवू गाडी’ म्हटले आणि पहिला शब्द गिळला गेला, तर पलीकडे ‘पाठवू गाडी’ एवढेच पोहोचते. म्हणून अनुभवी माणसे बटण दाबून क्षणभर थांबतात आणि मग बोलतात. यंत्रालाही हे शिकवता येते: गेटवे आलेला आवाज थोडा वेळ साठवून ठेवतो, आधी ट्रान्समीटर चालू करतो आणि मगच साठवलेला आवाज सोडतो. ज्या स्वस्त जोडण्यांत बटणाचा संकेतच नसतो आणि आवाज आला की ट्रान्समीटर चालू होतो, त्या मला जोखमीच्या कामासाठी मुळीच योग्य वाटत नाहीत. त्यांत पहिला शब्द कापला जाणे ठरलेलेच असते आणि वाऱ्याच्या किंवा इंजिनाच्या आवाजानेही वाहिनी उघडते.

आवाज साठवायचा तर उशीर होणारच, मग किती उशीर चालतो? दूरध्वनीसाठी एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत राहावे, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. एकमार्गी बोलण्यात थोडा अधिक उशीर खपतो. मोबाइल जाळ्यांवरच्या आपत्कालीन सेवांसाठी मोबाइलची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संघटनेने तोंडापासून कानापर्यंतची अपेक्षा ३०० मिलिसेकंदांची ठेवली आहे. यात अंतराचा वाटा नगण्य असतो. प्रकाशतंतूत संकेताला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ८०० किलोमीटरला अवघे ४ मिलिसेकंद. भूस्थिर उपग्रहाची गोष्ट वेगळी. ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यायलाच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. जमिनीवरच्या जाळ्यात खरा त्रास देते ती अनियमितता. २० मिलिसेकंदांच्या अंतराने निघालेली पॅकेटे कधी ५, तर कधी ४० मिलिसेकंदांच्या अंतराने पोहोचतात, आणि ती खिंड बुजवण्यासाठी ऐकणाऱ्या टोकाला जिटर बफर नावाचा साठा ठेवावा लागतो. साठा लहान ठेवला तर आवाज तुटतो, मोठा ठेवला तर उशीर वाढतो. जाळे स्वतःचे असण्याचा पहिला ठोस फायदा इथे दिसतो: आवाजाच्या पॅकेटांवर अग्रक्रमाचे चिन्ह लावले की पॅकेटांना वाट दाखवणारा आपल्या मालकीचा प्रत्येक राउटर ते पाळतो, त्यामुळे कोणी कॅमेऱ्याचे चित्रण उतरवून घेत असले तरी बोलणे रांगेत अडकत नाही. सार्वजनिक इंटरनेटवर ते चिन्ह पाळले जाईल याची कोणतीही हमी नसते. एकच पॅकेट एकाच वेळी अनेक गेटवेंना पाठवण्याची मल्टिकास्ट पद्धतही अशीच आपल्या जाळ्यात चालते आणि सार्वजनिक इंटरनेटवर चालत नाही.

दुसरा फायदा, म्हणजे इतरांचे जाळे कोसळले तरी आपले बोलणे चालू राहणे, मला अधिक मोलाचा वाटतो. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे देशभर कोसळले. सात टप्प्यांच्या एका सुधारणेच्या सहाव्या टप्प्यात एका राउटरवरची मार्गांची गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. डेबिट कार्डाचे व्यवहार ठप्प झाले आणि अनेकांना ९११ हा आपत्कालीन क्रमांक लागेना. या घटनेतली सर्वांत बोलकी बाब म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांना राउटरपर्यंत पोहोचण्याचा मार्गही त्याच जाळ्यातून जात होता आणि त्यांचे मोबाइलही त्याच कंपनीचे होते. मोबाइल ॲपवर चालणाऱ्या पुश-टू-टॉक (बटण दाबून बोलण्याच्या) सेवेवर नियंत्रण कक्ष सोपवणारी संस्था हीच जोखीम घेत असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस परतली नव्हती. आणि नेमक्या त्याच दिवसांत झाडे तोडणाऱ्या, तारा जोडणाऱ्या आणि रुग्ण हलवणाऱ्या तुकड्यांना एकमेकांशी बोलायचे असते.

स्वतःची व्यवस्था उभी करायला लागणारी सामग्री आज आवाक्यात आली आहे. आवाजाच्या देवाणघेवाणीसाठी मम्बल हा मुक्त सर्व्हर ऑपस वापरतो आणि बोलणे कूटबद्ध करतो. १९९९ साली सुरू झालेले एस्टेरिस्क हे दूरध्वनीचे मुक्त सॉफ्टवेअर हौशी रेडिओवाल्यांनी रिपीटर जोडण्यासाठी वापरले आणि त्यातून ऑलस्टारलिंक हे जाळे उभे राहिले. सर्व्हर एका साध्या संगणकावर मावतो, आणि १९९६ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले १० किंवा १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. डोंगरावर प्रकाशतंतू नसेल तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला समोरासमोरचा दुवा चालतो. या पट्ट्याचा मोठा भाग भारतात २०१८ पासून परवानामुक्त आहे, आणि सह्याद्रीतल्या मुसळधार पावसानेही त्या लहरी फारशा क्षीण होत नाहीत, जी अडचण १० गिगाहर्ट्झच्या वर चांगलीच जाणवते. मात्र डोंगरावरून ज्या व्हीएचएफ किंवा यूएचएफ वाहिनीवर बोलायचे, तिच्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचा परवाना घ्यावाच लागतो. सर्व्हर आपला झाला म्हणून लहरी आपल्या होत नाहीत. आपला मार्ग आपल्या हातात ठेवण्याचे तत्त्व कोकण रेल्वेने वेगळ्या साधनांनी अमलात आणले आहे: प्रत्येक स्थानकावर २५ वॅटचा व्हीएचएफ संच, लोको पायलट आणि गार्ड यांच्याकडे वॉकीटॉकी, आणि रुळालगत सरासरी दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काचे सॉकेट, ज्यातून दरडींवर नजर ठेवणारा गस्तीवाला थेट स्टेशन मास्तरांशी बोलू शकतो.

मालकीबरोबर जबाबदारीही येते, आणि ती बहुतेक वेळा इंटरनेट तुटल्यावरच कळते. सर्व्हर आपल्या खोलीत असूनही तो नावाचा पत्ता शोधायला बाहेरच्या डीएनएसकडे, घड्याळ लावायला बाहेरच्या वेळसेवेकडे किंवा परवाना तपासायला उत्पादकाच्या सर्व्हरकडे जात असेल, तर ती व्यवस्था नावापुरतीच स्वतंत्र आहे. याची परीक्षा सोपी आहे: कामाच्या वेळेत, सगळ्यांना सांगून, इंटरनेटची केबल काढून ठेवावी, सर्व यंत्रे बंद करून पुन्हा चालू करावीत आणि बोलणे सुरू होते का ते पाहावे. विजेचा हिशेबही असाच कागदावर मांडून ठेवावा लागतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात. गेटवे, स्विच आणि दुव्याचा संच मिळून २५ वॅट घेत असतील तर तो साठा कागदावर ४८ तासांचा होतो, पण शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर तिला निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती २४ तास उरतात. ट्रान्समीटरची भूक यात धरलेली नाही.

आणि सर्व्हर गेलाच तर? रिपीटर असा जोडावा की गेटवेकडून पॅकेटे येणे थांबले तरी तो स्थानिक रिपीटर म्हणून चालत राहील. कक्षाशी संपर्क तुटला तरी एकाच खोऱ्यातल्या दोन गाड्या एकमेकींशी बोलू शकतील. रिपीटरही गेला, तर संचात आधीच भरून ठेवलेली एक थेट वाहिनी असावी, जिच्यावर दोन वॉकीटॉकी मध्ये कोणतेही यंत्र न घेता बोलतात, आणि ती कोणत्या क्रमांकावर आहे हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पावसाळ्यापूर्वी पाठ असावे.