ब्रिटिश आणि चेक वंशाचे अमेरिकन: उत्पन्नाच्या तक्त्यामागचा इतिहास

अमेरिकेतल्या कुटुंबांचं वंशानुसार उत्पन्न दाखवणारे तक्ते अधूनमधून फिरत असतात. आपल्याकडे ते येतात ते बहुधा एकाच कारणाने: भारतीय वंशाची कुटुंबं त्यात अगदी वरच्या ओळींमध्ये असतात, आणि अशी बातमी पुढे ढकलायला कोणाला आवडत नाही? त्याच तक्त्यात जरा खाली उतरलं की 'ब्रिटिश', 'इंग्लिश', 'स्कॉटिश', 'स्कॉच-आयरिश', 'वेल्श' अशा वेगवेगळ्या ओळी लागतात आणि त्यांच्याच आसपास कुठेतरी 'चेक' ही ओळ असते. 'ब्रिटिश' ही ओळ 'इंग्लिश'च्या वर असते. चेक कुटुंबांचं मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा, देशाच्या मध्यकापेक्षा जास्त भरतो. ज्यांच्या पूर्वजांनी तेरा वसाहती चालवल्या आणि राज्यघटना लिहिली त्यांचे वंशज, आणि शंभर वर्षांपूर्वी ज्यांना 'बोहंक' ('बोहेमियन', म्हणजे चेक, यावरून पडलेला शब्द) म्हणून हिणवलं जाई त्यांचे वंशज, आज हाकेच्या अंतरावर आहेत. हे कसं झालं ते समजायला आधी तक्ता कसा बनतो ते पाहावं लागतं.

१९७०पर्यंत अमेरिकी जनगणना आईवडील कुठे जन्मले एवढंच विचारायची. १९८०मध्ये तो प्रश्न गेला आणि 'तुमचे पूर्वज कुठले?' हा मोकळा प्रश्न आला. उत्तर ज्याचं त्याने लिहायचं, पुरावा कोणी मागत नाही. प्रश्नाखाली नमुन्यादाखल काही नावं छापलेली असत आणि लोक ती बघून लिहीत. १९८०च्या नमुन्यांत 'इंग्लिश' होतं. ४ कोटी ९६ लाख लोकांनी स्वतःला इंग्लिश म्हटलं. १९९०च्या नमुन्यांत ते नव्हतं. आकडा ३ कोटी २७ लाखांवर आला. २०००मध्ये तो २ कोटी ४५ लाख होता. वीस वर्षांत अडीच कोटी माणसं कुठे परत गेली नव्हती. २०२०च्या फॉर्मवर 'श्वेतवर्णीय' या रकान्याखाली 'इंग्लिश' पुन्हा छापलं गेलं आणि ४ कोटी ६६ लाख लोक इंग्लिश निघाले, जर्मन वंशाच्यांपेक्षाही जास्त.

चेक आकडा मात्र १९९० आणि २००० या दोन्ही वेळी १२-१३ लाखांवर होता. तीनशे वर्षं मुरलेल्या माणसाला आपण कुठले हे फॉर्म बघून आठवतं. आजीच्या हातचे कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, खाऊन वाढलेल्याला ते आठवून द्यावं लागत नाही. या तुलनेत एका बाजूला नाव जपलेला छोटा समाज आहे आणि दुसऱ्या बाजूला नाव विसरलेला अवाढव्य समाज. पुढचं सगळं याच फरकाभोवती फिरतं.

ब्रिटिश वंशाचे म्हटलं की डोळ्यांसमोर बोस्टनचे सावकार, व्हर्जिनियाचे जमीनदार आणि एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अमेरिकन शाखेच्या, पुढच्या बाकांवरची कुटुंबं येतात. ती होतीच, १९६०च्या दशकापर्यंत मोठ्या बँका, वकिलांच्या पेढ्या आणि जुनी विद्यापीठं बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होती. पण ती साय होती. सतराव्या-अठराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वसाहतींत आलेल्या गोऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक करारबद्ध नोकर होते: बोटीच्या भाड्यापोटी चार-सात वर्षं कोणाच्या तरी शेतावर राबायचं. १७१८ ते १७७५ या काळात ब्रिटनने सुमारे ५० हजार गुन्हेगार शिक्षा म्हणून याच वसाहतींत पाठवले. न्यूयॉर्कमध्ये १७७०मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉर्ज सोसायटीचं कामच मुळी हलाखीत सापडलेल्या इंग्रजांना मदत करणं हे होतं.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. ब्रिटनचं औद्योगिकीकरण आधी झालेलं असल्यामुळे तिथून येणारा कामगार हातात कसब घेऊन येई. डर्बीशरचा सॅम्युएल स्लेटर १७८९मध्ये सूतगिरणीच्या यंत्रांची माहिती डोक्यात साठवून निघाला आणि त्याने ऱ्होड आयलंडमध्ये गिरणी उभी केली. लँकेशरचे सूत कातणारे मॅसॅच्युसेट्समधल्या गिरण्यांच्या गावी, फॉल रिव्हरला गेले, कॉर्नवॉलचे खाणकामगार मिशिगनच्या तांब्याच्या आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत, वेल्श लोक पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत. भाषा तीच, बराचसा धर्म तोच, त्यामुळे खाणीत त्यांना पाटी-फावड्याऐवजी मुकादमी मिळे. दुसऱ्या पिढीला वेगळं ओळखूही येत नसे. त्यांना स्वतःच्या वस्त्या, वर्तमानपत्रं, विमा मंडळं उभारायची फारशी गरज पडली नाही, आणि नाव विसरण्याची सुरुवात तिथेच झाली.

आणि एक तिसरा गट. अल्स्टरहून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून, आलेले स्कॉच-आयरिश अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातून खाली ॲपलेशियन डोंगरांत उतरले. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाच्या खोऱ्यांत त्यांच्या कित्येक पिढ्या राहिल्या. कोळसा आला, गेला, गरिबी राहिली. १९६५मध्ये या भागासाठी केंद्र सरकारला स्वतंत्र आयोग नेमावा लागला. २०००च्या जनगणनेत पूर्वज विचारल्यावर नुसतं 'अमेरिकन' असं लिहिणारे सुमारे २ कोटी होते आणि त्यांचं प्रमाण याच पट्ट्यात सर्वाधिक होतं. मूळ पाहिलं तर त्यांतले बहुतेक ब्रिटिश बेटांवरचेच असणार. पण तक्त्यात ते 'ब्रिटिश' ओळीत मोजले जात नाहीत. त्यांची ओळ वेगळी, आणि तिचं उत्पन्न देशाच्या मध्यकाखाली. गरीब नातेवाईक असे दुसऱ्या ओळीत गेले की उरलेल्यांचा आकडा आपोआप सुधारतो.

'ब्रिटिश' असा शब्द स्वतःहून लिहिणारे २०००मध्ये जेमतेम १० लाखांच्या घरात होते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज सहसा 'इंग्लिश' लिहितात, किंवा काहीच लिहीत नाहीत. 'ब्रिटिश' लिहिणाऱ्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं: अमेरिकी सैनिकांशी लग्न करून आलेल्या हजारो वधू, १९५०-६०च्या दशकांत पगार आणि प्रयोगशाळा यांच्या ओढीने आलेले शास्त्रज्ञ आणि डॉक्टर, पुढे बँकांमधले लोक. ही ओळ 'इंग्लिश'च्या वर का, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

आता चेक.

पहिला नावाजलेला चेक स्थलांतरित म्हणजे ऑगस्टिन हर्मन. त्याने मेरीलँड आणि व्हर्जिनियाचा नकाशा काढून दिला आणि बदल्यात मिळालेल्या जहागिरीला 'बोहेमिया मॅनर' नाव दिलं. बोहेमिया म्हणजे चेक प्रदेशाचा पश्चिम भाग, पूर्वेचा तो मोरेव्हिया. पण तो एकटादुकटा. खरा ओघ १८४८नंतर सुरू झाला. त्या वर्षी हॅब्सबर्ग साम्राज्यातली (चेक प्रदेश तेव्हा व्हिएन्नाच्या या राजघराण्याखाली होता) वेठबिगार संपली, कुळाला जमीन विकून निघून जाता येऊ लागलं. निघाले ते अगदी भूमिहीन नव्हते. एखादं घर, दोन-चार एकर तुकडा असलेले अल्पभूधारक होते. ते विकून बोटीचं भाडं निघे. बायको-मुलांसह निघायचे आणि परत फिरण्याचं प्रमाण कमी.

दुसरी शिदोरी शाळेची. हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसाने १७७४मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं आणि बोहेमियात तो हुकूम साम्राज्याच्या इतर भागांपेक्षा नीट अमलात आला. अमेरिकी काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने १८९९ ते १९१० या काळात उतरलेल्यांची साक्षरता मोजली. चौदा वर्षांवरच्या इंग्रजांत निरक्षर १ टक्का, बोहेमियन आणि मोरेव्हियनांत १.७ टक्के, जर्मनांत ५.२, पोलिशांत ३५, दक्षिण इटालियनांत ५४. हा आयोग पूर्व आणि दक्षिण युरोपियनांना कमी लेखायला टपलेला होता, आणि त्याच्याच तक्त्यात चेक इंग्रजांच्या शेजारी बसले. पुढची बरोबरी इथे आधीच लिहिलेली होती, असं म्हणायला हरकत नाही.

तरी सुरुवात सोपी नव्हती. १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन पाच वर्षं कसून दाखवली की मालकीची होई. नेब्रास्कात त्यावर चेक गावं उभी राहिली, पण पहिले हिवाळे त्यांनी मातीच्या ढेकळांच्या घरांत काढले. टेक्सासमध्ये मोरेव्हियाचे लोक १८५०च्या दशकापासून येऊन कापूस पिकवू लागले. घरची माणसं शेतात राबवायची आणि साठलेल्या पैशात शेजारचा तुकडा घ्यायचा. न्यूयॉर्कमध्ये चेक कुटुंबं कोंदट टेनेमेंटमध्ये, म्हणजे चाळवजा इमारतींत, राहत्या खोलीतच सिगार वळत, मुलंसुद्धा हाताशी. तंबाखूच्या या उद्योगातल्या बऱ्याच बायका हे काम बोहेमियातल्या सरकारी कारखान्यांत शिकून आलेल्या होत्या. आयोवातल्या सीडर रॅपिड्समध्ये मांस प्रक्रियेचा कारखाना, शिकागोत लाकडाच्या वखारी.

शिकागोचं थोडं सविस्तर सांगायला हवं. १८७१च्या आगीनंतर चेक लोक शहराच्या नैर्ऋत्येला सरकले आणि त्या वस्तीला 'पिल्सन' नाव पडलं. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राग आणि व्हिएन्नानंतरचं तिसरं मोठं चेक शहर म्हणून शिकागोचं नाव घेतलं जाई. बँका परदेशी मजुराला उभं करत नसत, तेव्हा त्यांनी स्वतःच्या 'बिल्डिंग अँड लोन' संस्था काढल्या, थेट आपल्या पतसंस्थांच्या घाटाच्या: दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, पाळीने घरासाठी कर्ज घ्यायचं. सिसेरो आणि बर्विन या शिकागोच्या उपनगरांमधल्या विटांच्या बंगल्यांच्या रांगा बऱ्याच अंशी या पैशावर उभ्या राहिल्या. सिसेरोत वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनचा प्रचंड कारखाना होता, भरभराटीच्या काळात ४० हजारांहून अधिक कामगारांचा. २४ जुलै १९१५ रोजी याच कंपनीच्या कामगारांची सहल घेऊन निघायची 'ईस्टलँड' ही बोट शिकागो नदीत धक्क्यालाच उलटली. ८४४ माणसं गेली. त्यांत चेक कुटुंबंच्या कुटुंबं होती.

विम्याची मंडळं त्याहून जुनी. सेंट लुइसमध्ये १८५४मध्ये चेक-स्लाव्ह परस्पर साहाय्य संस्था निघाली होती. टेक्सास आणि नेब्रास्कातल्या शाखा १८९७मध्ये फुटून वेगळ्या झाल्या, कारण भांडणं हा कोणत्याही मंडळाचा धर्मच. १९०२मध्ये सीडर रॅपिड्समध्ये चेक मुलांना बिनव्याजी शिक्षणकर्ज देणारा निधी सुरू झाला. त्यामागे औषधविक्रीवर श्रीमंत झालेले सेव्हेरा होते.

या मंडळांना चर्चची सावली नव्हती, हे विशेष. नोव्हेंबर १६२०मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट सरदार हरले आणि हॅब्सबर्गांनी देश सक्तीने कॅथलिक केला. त्याची अढी अडीचशे वर्षांनीही गेली नव्हती. अमेरिकेत आल्यावर चेकांपैकी निदान निम्मे चर्चपासून दूर झाले आणि स्वतःला मुक्तविचारवादी म्हणवू लागले. शिकागोतली त्यांची राष्ट्रीय दफनभूमी १८७७मध्ये उभी राहिली तीच मुळी कॅथलिक दफनभूमीने एका बाईला जागा नाकारल्यावर. या मंडळींची मुलं चर्चच्या शाळांऐवजी सरकारी शाळांत गेली, चेक भाषेचे वर्ग फक्त सुट्टीच्या दिवशी. इंग्रजी लवकर आली. टेक्सासचे चेक मात्र बहुतेक कॅथलिकच राहिले आणि तिथे भाषा जास्त टिकली.

१६२०च्या त्याच नोव्हेंबरात इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना घेऊन आलेलं 'मेफ्लॉवर' जहाज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलं होतं. १९३१च्या शिकागोच्या महापौरपदाच्या निवडणुकीत हे जहाज पुन्हा वर आलं. प्रागजवळच्या क्लाड्नोला जन्मलेला, खाणकामगाराचा मुलगा अँटन चर्मॅक उमेदवार होता आणि प्रतिस्पर्धी त्याच्या परक्या नावाची टिंगल करत होता. चर्मॅकचं उत्तर प्रसिद्ध आहे: मी मेफ्लॉवरवरून आलो नाही हे खरं, पण जमलं तितक्या लवकर आलो. तो निवडून आला. दोन वर्षांनी मायामीत अध्यक्षपदी नुकतेच निवडून आलेल्या रूझवेल्टवर झाडलेल्या गोळ्यांपैकी एक त्याला लागली आणि त्यात तो गेला.

तोवर दारं बंद झाली होती. १९२४च्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवला आणि १९२९पासून तो अमेरिकेच्या लोकसंख्येतल्या मूळ वंशांच्या प्रमाणावर बेतला गेला. त्यासाठी १७९०च्या जनगणनेतली आडनावं मोजली. आधीच्या हिशोबात गोऱ्यांपैकी ८२ टक्के इंग्लिश निघाले होते. तज्ज्ञांनी फेरतपासणी केल्यावर ते ६० टक्क्यांवर आले, कारण बरेच स्मिथ मूळचे श्मिट होते. तरीही ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला वर्षाला ६५,७२१ जागा मिळाल्या आणि चेकोस्लोव्हाकियाला २,८७४. भारतीयांना दार आधीच बंद होतं. १९४६मध्ये वर्षाला शंभर जागा मिळाल्या, आणि पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, डॉक्टर मोठ्या संख्येने गेले ते १९६५मध्ये कोटा रद्द झाल्यावर.

कोट्याचा हेतू चेकांना रोखण्याचा होता, पण आकडेवारीत त्याचा परिणाम उलट दिसतो. नवे, गरीब, भाषा न येणारे लोक येणं थांबलं. आधी आलेल्यांची मुलं-नातवंडं युद्धानंतरच्या तेजीत, सैनिकांसाठीच्या शिक्षणयोजनेत, उपनगरांच्या बांधकामात सरकत गेली आणि त्यांची सरासरी खाली ओढायला कोणी उरलं नाही. १९३८-३९, १९४८ आणि १९६८ला प्रागहून शिकलेले निर्वासित आले. पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या मॅडलीन ऑलब्राइट त्यांतल्याच, १९४८मध्ये अकरा वर्षांच्या असताना आलेल्या. वर्तमानपत्रांत हीच नावं दिसतात, पण बारा लाखांच्या समाजाचा मध्यक हलवण्याइतके ते नव्हते. तो हलवला बर्विनच्या हप्त्यांनी आणि नेब्रास्काच्या शेतांनी.

बरोबरी आहे ती उत्पन्नाची. पिढीजात संपत्ती आणि सत्तेच्या खुर्च्या हा वेगळा हिशोब आहे. तिथे जुनी ब्रिटिश घराणी कितीतरी पुढे आहेत आणि चेक नावं तुरळक. शिवाय चेक वंशाचे लोक नेब्रास्का, आयोवा, विस्कॉन्सिन अशा स्वस्त राज्यांत जास्त; तिथल्या डॉलरला बोस्टनच्या डॉलरपेक्षा अधिक घर मिळतं, आणि तक्ता ते मोजत नाही. तो पुढेही बदलत राहील. मार्च २०२४मध्ये अमेरिकी सरकारने वंश आणि वर्ण विचारण्याचे नियम सुधारले. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका हा नवा रकाना आला, म्हणजे २०२०ला 'श्वेतवर्णीय' खाली नमुना म्हणून छापलेले लेबनीज आणि इजिप्शियन तिथून हलणार. रिकाम्या जागी २०३०मध्ये कोणती नावं छापली जातात त्यावर इंग्लिशांची संख्या पुन्हा ठरेल.