कमरेत दडलेली चाल

‘पाठीत चिप बसवली आणि लुळा पडलेला तरुण चालू लागला!’ ही बातमी अधूनमधून येतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत ती अशा घरी पोचते, जिथे कोणी पाडेली (नारळ पाडणारा) माडावरून पडून, नाहीतर कोणाचा मुलगा बाइकवरून उडून अंथरुणाला खिळलेला असतो. मग गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारणा सुरू होते, आमच्या मुलाला ही चिप कधी बसवणार?

बातमी खोटी नसते, अर्धी असते. उरलेली अर्धी वाचायची तर संशोधकाच्या निबंधांची यादी सालवार बघावी. अमेरिकेतल्या लुइव्हिल विद्यापीठाच्या सुझन हार्केमा यांचं नाव या बातम्यांमागे अनेकदा असतं, म्हणून त्यांचीच यादी घेऊ.

त्याआधी 1911 सालात एक फेरी. थॉमस ग्रॅहॅम ब्राऊन (हा गृहस्थ पुढे आल्प्सचा नामांकित गिर्यारोहकही झाला) याने दाखवलं, की मांजराचा मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा दोर) मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणारे संवेदनांचे तंतूही कापले, तरी मागच्या पायांचे स्नायू आळीपाळीने आखडतात. म्हणजे चालण्याचा ठेका मेंदूत नसून मेरुरज्जूच्या खालच्या भागात आहे. तिथे चेतापेशींचे दोन गट असतात, एक पाय दुमडणारा, दुसरा ताठ करणारा. एक जागा झाला की दुसऱ्याला दाबतो, मग थकतो, की दबलेला उसळून वर येतो. चवथीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही आमची वाद्यं एकमेकांच्या जागा सांभाळून वाजतात, तसंच हे. मेंदू फक्त आरती उचलतो आणि लय वाढवतो.

माणसातही हे असतं का? हार्केमा आणि सहकाऱ्यांनी 1997 साली जो निबंध छापला, तो मला या यादीतला सगळ्यात सुंदर वाटतो. मेरुरज्जूला पूर्ण इजा झालेल्या माणसांना पट्ट्यांनी ट्रेडमिलवर टांगलं, मदतनिसांनी त्यांचे पाय धरून पावलं टाकायला लावली आणि पोटरीच्या स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली. पायावर वजन जास्त पडलं की हालचाल वाढे, वजन कमी केलं की उतरे. स्नायू किती ताणला जातो, याच्याशी तिचा मेळ तितकासा बसत नव्हता. मेंदूचा निरोप पोचत नसताना मेरुरज्जू स्वतःच भार ओळखत होता, नुसती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून हे सोडून देता येत नाही.

मग टांगून चालवणं हाच उपाय म्हणायचा का? 2006 मध्ये 146 रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला, की इजा नवी आणि अपुरी (मेंदूचा थोडा निरोप अजून खाली पोचतो अशी) असेल तर टांगून ट्रेडमिलवर चालवा किंवा नेहमीसारखं जमिनीवर चालण्याचा सराव द्या, फरक पडत नाही. या निबंधावर हार्केमांचंही नाव आहे. अशा निबंधाची बातमी होत नाही, पण यादीचा भरवसा त्यानेच वाढतो.

2011 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकाच माणसाची हकीकत आली. वय 23, मोटार अपघात, मानेच्या तळाशी इजा. 26 महिन्यांत 170 सत्रांचा सराव झाल्यावर मेरुरज्जूच्या आवरणावर वीज देणारी 16 इलेक्ट्रोडची पट्टी बसवली; बातमीतली ‘चिप’ ती हीच. यंत्र चालू असताना तो स्वतःचं पूर्ण वजन पेलून सव्वाचार मिनिटं उभा राहिला, तोलापुरता आधार घेऊन. सात महिन्यांनी इच्छेने पायाच्या काही हालचालीही जमल्या, पण यंत्र चालू असेपर्यंतच. ही वीज ‘चाल’ असा हुकूम देत नाही. ती संवेदनांच्या जाड तंतूंमार्फत चेतापेशींच्या झोपलेल्या जाळ्याला जागं होण्याच्या उंबरठ्याजवळ आणून ठेवते, पाऊल उमटतं ते तळव्यावरच्या भाराने आणि वरून झिरपणाऱ्या क्षीण संदेशांनी. या तरुणाची संवेदना अंशतः शाबूत होती, ही ओळ बातम्यांतून हमखास गळते. 2018 मध्ये अशी पट्टी बसवलेल्या चौघांपैकी दोघे जमिनीवर चालले. सरावात एकाचं खुब्याचं हाड मोडलं.

देवाला गाऱ्हाणं घालायला, कौल लावायला माझी हरकत नाही. पण पाठीला मार लागलेल्याला चौघांनी हातपाय धरून उचलू नये, आणि नंतर ‘शिरा मोकळ्या’ करायला गरम शेक देऊ नये. बधिर कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. स्टेम सेलची (मूळपेशींच्या उपचाराची) पॅकेजं विकणारे तर याहून महागाचे मांत्रिक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेरुरज्जूच्या इजेवर असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे मागणं हीच धोक्याची घंटा.

हार्केमांच्या यादीत पुढे रक्तदाब आणि मूत्राशय हे विषय दिसू लागतात. मानेला इजा झालेल्या माणसाला उठवून बसवलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते; तो सावरायला हीच पट्टी वापरून पाहिली गेली. दुसऱ्याच एका पाहणीत 2004 मध्ये मेरुरज्जूला इजा झालेल्या 681 रुग्णांना विचारलं होतं, सर्वात आधी काय परत हवं? चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हात मागितले. फक्त पाय गेलेल्यांत लैंगिक क्षमता मागणारे सर्वाधिक होते. चालणं दोन्हीकडे पहिलं आलं नाही.